शेवटचं घमेलं

मोखाडा, ३ जुलै २०२५

रोहिदास,

आशीर्वाद आहेतच, पण ते पत्राच्या शेवटी घे. आधी हे वाच.

फोनवर तू नुसता हं हं करतोस. माझं बोलणं संपेपर्यंत तुमच्या साखरशेत गावात रेंज असते आणि तुझी उत्तर द्यायची पाळी आली की जाते. म्हणून कागदावर लिहिते आणि फागूच्या जीपमधून पाठवते. उत्तरही मला कागदावरच पाहिजे.

रविवारी मी घरी आले तर स्वयंपाकघरात दोन टोप आणि एक बादली मांडलेली, आणि आई घरात नाही. नवशीला विचारलं तर तुझी बायको खाली बघून बोलली, "आई गोठ्यात निजतात." तीन महिन्यांमागे स्लॅब टाकलेलं पक्कं घर सोडून माझी आई बैलांच्या शेजारी खाट टाकून झोपते आणि तू मला एका शब्दाने कळवत नाहीस. मी तिला म्हटलं, चल आत. तर म्हणाली, "इथं कौलं हायत. इथं नाय गळत." यावर काय बोलायचं? मी गप्प बसले. मी गप्प बसले हे तूही पाहिलंस, आणि मी कधी गप्प बसत नाही.

छत सगळीकडे गळत नाही, हे तू बघितलंस का? पुढच्या दारापासून चुलीच्या कोपऱ्यापर्यंत एक सरळ रेघ आहे आणि त्या रेघेतूनच पाणी येतं. आईची खाट होती तिथे वरून गिलाव्याचा पोळपाटाएवढा तुकडा पडलाय. ती तेव्हा खाटेवर असती तर काय झालं असतं?

आणि हे काम कोणाचं? सुदर्शनचं. पाचवीपासून दहावीपर्यंत माझ्या आश्रमशाळेत राहिलेला, माझ्या हातचं खाल्लेला पोरगा. कंत्राट देताना दहा जणांनी सांगितलं, जव्हारचा मोठा ठेकेदार बघा. मी म्हटलं, नाही, माझा विद्यार्थी आहे. तो म्हणाला होता, "बाई, माझं घर समजून बांधतो." आता शिरपामाळाजवळ पर्यटकांसाठी खोल्या बांधतोय म्हणे, म्हणून आमच्याकडे बघायला वेळ नाही. त्या खोल्या गळत नसणार.

येत्या मे महिन्यात मी रिटायर होईन. आई आणि मी त्या घरात राहायचं, एवढ्यासाठी सगळं केलं. आई ऐंशीला टेकलीय. ती किती पावसाळे त्या गोठ्यात काढणार?

त्याला बोलाव. समोर उभा कर. स्लॅब फोडून नवा टाकायला सांग. नाही म्हणाला तर मी ग्राहक आयोगात अर्ज करणार. भांडण घेऊन आलेल्या प्रत्येक पोराला मी वहीत आधी स्वतःचं काय चुकलं ते लिहायला लावते, मग दुसऱ्याचं. सुदर्शनने ते पन्नास वेळा तरी लिहिलंय. आता एक्कावन्नाव्या वेळी लिहू दे.

आता आशीर्वाद घे. नवशीला आणि पोरींनाही.

प्रमिला

•

साखरशेत, १० जुलै

ताई, पाया पडतो.

तुझं पत्र फागूने दिलं. दोनदा वाचलं. नवशीने पण वाचलं आणि ती म्हणाली, "ताईंचं बरोबर आहे." तिला काय, उत्तर मला लिहायचंय.

सुदर्शन येऊन गेला. तू म्हणतेस तसा तो पळालेला नाही. दोन माणसं आणि औषधाचा डबा घेऊन आला, स्लॅबवर चढून त्या रेघेत काहीतरी भरलं आणि वर ताडपत्री टाकून दगड ठेवले. गळणं कमी झालंय. बंद झालंय असं मी लिहिणार नाही, नाहीतर तू पुढच्या रविवारी येऊन बादली दाखवशील. खालून गिलावा पण परत मारून गेला.

आईची काळजी करू नको. गोठ्यात कोरडं आहे. मी तिच्या खाटेखाली फळ्या टाकल्यात. रात्री मी पण तिथेच ओट्यावर निजतो. सध्या भाताची आवणी चालू आहे, चिखलातून वर यायला सवड नाही, म्हणून उत्तराला उशीर झाला.

ताई, एवढ्यात अर्ज करू नको. सुदर्शन वाईट पोरगा नाही. त्या दिवशी थोडं आपलं पण. ते जाऊ दे, भेटीत बोलू.

तू आलीस तर नाचणीचं पीठ घेऊन जा, आईने बाजूला काढून ठेवलंय.

रोहिदास

•

मोखाडा, १७ जुलै

सुदर्शन,

तुला मी आजवर कधी पत्र लिहिलं नाही. दाखल्यावर सही केली, गुणपत्रकावर केली, तेवढंच. आता लिहिते, कारण तू माझे फोन उचलत नाहीस.

तू माझ्या आईच्या डोक्यावरच्या भेगेत डब्यातलं औषध ओतलंस आणि वर ताडपत्री घातलीस. नव्या घरावर ताडपत्री घालतात का रे? ताडपत्री आम्ही कापलेल्या भाताच्या उडवीवर घालतो. आणि खालून परत गिलावा मारलास. गळतं ते झाकायला गिलावा, आणि तो पडला की त्यावर दुसरा गिलावा. गणित चुकलं की खोडून त्यावर उत्तर गिरवायचास, तसाच राहिलास.

मला साधं सांग, सिमेंट किती घातलंस? रेती कुठून आणलीस? सळई ठरली होती तीच वापरलीस का? मला बांधकामातलं कळत नाही म्हणून तू गप्प बसशील, तर माझ्याकडे विचारायला माणसं आहेत.

तो दिवस आठवून तर माझं डोकं फिरतं. तेवीस मार्च. आमच्या घरची रीत आहे, छपराचं शेवटचं काम घरातल्या थोरल्याच्या हातून. जुन्या घराचं शेवटचं कौल बाबांनी आईच्या हातात दिलं होतं. मी थोरली, म्हणून स्लॅबचं शेवटचं घमेलं माझं. माझी एसटी वाटेत बंद पडली, मला यायला सव्वाचार झाले, तरी सगळी माणसं आंब्याखाली माझी वाट बघत बसली होती. मिक्सरवाले, बायका, सगळे. तू घमेल्याला झेंडूची माळ घातली होतीस. मी ते ओतलं, आईने नारळ फोडला, आणि तू माझ्या पाया पडलास. मी गाडीत बसून रडले होते, सुखाने. असा मान कोण देतं कोणाला आजकाल, असं मी शाळेत सगळ्यांना सांगत फिरले.

पाया पडताना तुला ठाऊक होतं की नाही, वरचं काम कसं झालंय ते? एवढंच लिहून पाठव. पंधरा दिवस देते. नंतर अर्ज जाईल.

प्रमिला बाई

•

जव्हार, २५ जुलै

आदरणीय बाई,

तुमचं पत्र मिळालं. अक्षर ओळखीचं आहे, त्यामुळे पाकीट उघडायला दोन दिवस लागले.

सिमेंट एक घमेलंही कमी घातलेलं नाही. रेती धुतलेली होती. सळई ठरली तीच आहे, बिल माझ्याकडे आहे. आईच्यान सांगतो.

तरी चूक माझीच आहे. पावसाळा संपला की वरून सिमेंटचा पूर्ण कोबा करून देईन, माझ्या खर्चाने. आजींना गोठ्यात राहावं लागतं त्याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही विचारलंत, ठाऊक होतं का. हो, बाई. ठाऊक होतं.

जास्त लिहीत नाही. तुमच्यासमोर मला कधी बोलता आलं नाही, पत्रातही येत नाही. अर्ज करायचा तर करा.

तुमचा विद्यार्थी
सुदर्शन

•

मोखाडा, ३१ जुलै

रोहिदास,

बघितलंस? कबूल केलं त्याने. सोबत त्याच्या पत्राची झेरॉक्स पाठवते, मूळ माझ्या पेटीत कुलपात आहे. "ठाऊक होतं." आपल्या हाताने लिहून दिलंय. निगरगट्टपणाची हद्द आहे. ठाऊक असून माझ्या पाया पडला, ठाऊक असून घरभरणीला त्याच छताखाली जेवायला बसला, नवशीकडून दोनदा वरण मागून घेतलं. मी अर्ज लिहायला घेतलाय. तीन पानं झालीत आणि अजून माझा राग अर्धासुद्धा उतरलेला नाही.

आमच्या शाळेतले सर म्हणाले, रागाने भागत नाही, दोष नेमका काय आहे ते जाणकाराकडून लिहून घ्या. म्हणून मी जव्हारला जाऊन गुलामचाचांना भेटले. आपल्या शाळेची जुनी इमारत त्यांनी बांधली, चाळीस वर्षांत तिच्यातून एक थेंब आलेला नाही. आता डोळ्याने कमी दिसतं, काम मुलगा अफजल बघतो. पण म्हणाले, "प्रमिलाबाई, स्लॅब बघायला डोळे लागत नाहीत. मी येतो." पाऊस उघडला की अफजल त्यांना गाडीवर घेऊन येईल. त्यांना सगळं दाखव. काही लपवू नको.

आणि तू मागच्या पत्रात "थोडं आपलं पण" असं लिहून वाक्य अर्धं सोडलंस. पूर्ण वाक्य लिहायला मी तुला तिसरीत शिकवलंय. आपलं काय? आपण पैसे वेळेवर दिले, पाणी दिलं, जेवण दिलं. ठेकेदाराची बाजू घ्यायची असेल तर उघड घे.

राखी सोबत आहे. मी येणार नाही. त्या घरात बसून मला ओवाळता येणार नाही, आणि गोठ्यात बसून ओवाळायला माझं मन होत नाही.

प्रमिला

•

साखरशेत, १२ ऑगस्ट

ताई,

तुझी राखी पोरींनी माझ्या हाताला बांधली. आता तू मागितलंस ते पूर्ण वाक्य लिहितो. वाचून झाल्यावर मला फोन करू नको, दोन दिवस जाऊ दे.

काल गुलामचाचा आले. अफजलने त्यांना हाताला धरून वर चढवलं. ताडपत्री काढायला सांगितली आणि त्या रेघेवरून अनवाणी चालत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग खाली बसून छोट्या हातोडीने दोन्ही बाजूंना ठोकून बघितलं, कान लावून. मी छत्री धरून उभा होतो. हातोडी त्यांनी पिशवीत टाकली. मग म्हणाले, "माल चांगला आहे. इकडचा पण चांगला, तिकडचा पण चांगला. दोघांची गाठच पडली नाही. काम मध्येच किती वेळ बंद होतं?"

मी म्हटलं, थोडा वेळ. ते म्हणाले, "रोहिदास, सच बोल. मार्च महिन्यातलं ऊन, थोड्या वेळात असं होत नाही."

आई गोठ्याच्या दारात उभी होती, ती तिथून बोलली, "दुपारचं जेवण झाल्यापासून पोर येईस्तोवर."

ताई, पोर म्हणजे तू.

तुला वाटतं आम्ही फक्त एक घमेलं बाजूला काढून ठेवलं होतं. तसं नव्हतं. एक वाजता चुलीच्या बाजूचा पट्टा तेवढा राहिला होता, अर्ध्या तासाचं काम. तेव्हा मी टेकडीवर चढून तुला फोन लावला. तू म्हणालीस, गाडी बंद पडलीय, दुसरी येतेय, मी आल्याशिवाय छप्पर पुरं करायचं नाही. मी खाली येऊन सुदर्शनला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "दादा, असं मध्ये सोडता येत नाही, आधीचा माल आवळून कडक होईल, नवा त्याला धरणार नाही. पट्टा पुरा करू, बाईंसाठी एक घमेलं ठेवू." मी म्हटलं, मग तू सांग तिला. तो माझ्याबरोबर टेकडीवर आला. माझा फोन हातात घेतला. तुझा नंबर लावला. तू हॅलो म्हणालीस, आणि हा म्हणाला, "बाई, सावकाश या, आम्ही थांबलोय." आणि फोन बंद करून खाली बसला.

मिक्सरवाले शिव्या घालत होते, त्यांना संध्याकाळी शिरपामाळच्या कामावर जायचं होतं. साडेतीनला त्याने परत मला विचारलं, टाकू का? मी काय बोलू? मी पण तुझ्यापुढे कधी बोललो नाही. बाबा गेल्यावर तूच आम्हाला वाढवलंस. म्हटलं, बाईंचा शब्द आहे, थांब.

तू आलीस, घमेलं ओतलंस, मग राहिलेला पट्टा आम्ही तू जेवत असताना भरला. सुदर्शन कडेला सिमेंटचं पाणी मारू बघत होता, पण अंधार पडायच्या आत उरकायचं होतं. नीट झालं नाही.

पहिल्या पावसानंतर मी तुला सांगणार होतो. आईने शपथ घातली. म्हणाली, "तिला नको सांगू. तिने घमेलं ओतलं तेव्हा तिचं तोंड बघितलंस ना? मी गोठ्यात निजेन." म्हणून ती गोठ्यात आहे, ताई. गळतं म्हणून एकच कारण नाही. मागच्या खोलीत गळत नाही, तिथे ती निजू शकते. पण घरात निजली की तू तिच्याजवळ बसून वरची रेघ बघत विचारशील, हे कसं झालं, आणि तुझ्यापुढे तिला खोटं बोलता येत नाही.

चाचा जाताना म्हणाले, "कौलं थांबतात, भाऊ. दोन दिवस थांबली तरी कौल ते कौलच. स्लॅब कोणासाठी थांबत नाही. हे तुमच्या बहिणीला कोणीतरी सांगायला पाहिजे होतं." मी त्यांना चहा दिला.

रोहिदास

•

मोखाडा, ३० ऑगस्ट

सुदर्शन,

अठरा दिवस मी कोणालाच काही लिहिलं नाही. रोहिदासला फोनही केला नाही. वर्गात पोरांवर ओरडले, मग त्यांची माफी मागितली, ती घाबरली.

पहिले चार दिवस माझा तुझ्यावरचाच राग वाढला. तू का बोलला नाहीस? तुला माहीत होतं, तुझा धंदा आहे तो, माझा नाही. डॉक्टरला पेशंटने सांगितलं, सुई उद्या दे, तर तो उद्या देतो का? माझ्या आईचं छत तू माझ्या लाडासाठी बिघडवलंस. आणि बिघडलं ते गिलाव्याने झाकलंस, औषधाने झाकलंस, ताडपत्रीने झाकलंस. तीन वेळा झाकलंस. याचा राग आजही आहे आणि तो मी सोडणार नाही. मला वाईट वाटेल म्हणून माझी आई बैलांजवळ झोपली, माझा भाऊ ओट्यावर झोपला आणि तू सगळी बोलणी अंगावर घेतलीस. कोणी सांगितलं होतं तुम्हाला एवढं चांगलं वागायला? मी काय अशी काचेची आहे?

मग पाचव्या दिवशी मी तो अर्ज काढला. सात पानं झाली होती. वाचायला घेतला आणि मला दिसलं की सात पानांत माझं काय चुकलं ते एका ओळीतही नाही. तीस वर्षं पोरांना लिहायला लावतेय आणि मला स्वतःला कधी लिहावं लागलं नाही.

आठवीत तुला मी हात पुढे करायला सांगितला होता, खिडकीची काच फोडली म्हणून. तू छडी खाल्लीस. नंतर कळलं, काच दुसऱ्याने फोडली होती. मी विचारलं, बोलला का नाहीस? तू म्हणालास, "बाई, तुम्ही म्हणालात म्हणून." आणि मी काय केलं माहीत आहे? सगळ्या वर्गासमोर तुझं कौतुक केलं. असा पाहिजे विद्यार्थी, म्हटलं. सुदर्शन, ती चूक त्या स्लॅबच्या चुकीपेक्षा मोठी आहे. तुला पाढे शिकवले, पत्रलेखन शिकवलं, आणि नाही म्हणायला शिकवलं नाही.

अर्ज मी नव्याने लिहिलाय. एकच पान आहे. पहिलं वाक्य असं: "काम अर्धवट असताना मी, घराची मालकीण, स्वतःच्या हट्टाने ते सव्वातीन तास थांबवलं." दुसरं वाक्य: "ठेकेदाराला धोका ठाऊक होता, तरी त्याने काम थांबवलं आणि नंतर दोष लपवला." त्याखाली माझी सही आहे. तुझ्या सहीची जागा सोडली आहे. आयोगात तो जाणार नाही. तुझ्या सहीनंतर तो घराच्या कागदांत राहील, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर कोणाला खोटं बोलावं लागणार नाही.

नुसता कोबा मला चालणार नाही. गुलामचाचांनी सांगितलंय तसा तो सांधा पूर्ण लांबीचा फोडायचा, स्वच्छ करायचा, नव्याने भरायचा, आणि मग वर कोबा. चाचा समोर बसतील. खर्च निम्मा माझा, यावर वाद घालायचा नाही.

आणि एक अट. त्या दिवशी कोणासाठीही थांबायचं नाही.

प्रमिला बाई

•

जव्हार, १८ नोव्हेंबर

आदरणीय बाई,

भाताची कापणी उरकली, माणसं मिळाली, आणि रविवारी काम केलं. कागदावर सही करून दादाकडे दिली आहे. पहिल्या वाक्याखाली मला सही करायला नको वाटत होतं. दादा म्हणाला, सही सगळ्याखाली असते, कर.

तुम्हाला सगळं ठाऊक आहेच, पण तुम्ही लेखी मागता, म्हणून लिहितो.

सकाळी सातला सुरुवात केली. सांधा फोडला तेव्हा आत बोट जाईल एवढी फट निघाली. चाचांनी त्यात हात घालून बघितला, मग मला पण घालायला लावला. म्हणाले, "याद रख." साडेनऊला माल भरायला घेतला. अकरा वाजता तुमचा दादाच्या फोनवर निरोप आला. त्याने टेकडीवरून ओरडून सांगितलं, "ताईची गाडी चुकली, पुढची मिळाली, अर्ध्या तासात येते, शेवटचं घमेलं तेवढं ठेवायला सांगते."

बाई, सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. आजी पण. हातातलं घमेलं जड झालं. मला परत आठवीतल्यासारखं वाटलं.

मी म्हटलं, नाही. थांबायचं नाही. आणि ओतलं.

चाचा हसले. कामगारांनी कोबा सुरू केला. तुम्ही पोहोचलात तेव्हा घमेली धुऊन पालथी घातली होती. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि गोठ्यात गेलात. तुम्हाला राग आला असेल. मी तसाच निघून आलो, पण रात्री झोप लागली. मार्चपासून पहिल्यांदा.

स्लॅबच्या कडेने मातीचे बांध घालून पाणी भरून ठेवलंय. दोन आठवडे ते आटू द्यायचं नाही, असं दादाला सांगितलंय.

सुदर्शन

•

मोखाडा, १ डिसेंबर

सुदर्शन,

राग आला होता. खोटं कशाला लिहू? ती अट मीच घातली होती, तरी फोन केलाच, आणि तू थांबला नाहीस म्हणून राग आला. वाटलं, अर्धा तास तर होता. गोठ्यात आईजवळ बसून मी तुला मनातल्या मनात पुष्कळ बोलले. आईने मला एक शब्द बोलू दिला नाही. म्हणाली, "पोरगं बरोबर आहे. तू जेव."

काल परत गेले होते. आधी शिडीने वर चढले. बांधात घोटाभर पाणी होतं. रोज सकाळी नवशी दोन हंडे घालते, कमी झालं तर. मी चप्पल काढून त्या पाण्यात उतरले आणि सांध्याच्या जागेवरून चालत गेले, चाचा गेले होते तसं. पायाला काही लागलं नाही.

खाली येऊन आईला हाक मारायला गोठ्यात गेले, तर खाट नव्हती. घरात शिरले. खाट चुलीजवळ होती, जुन्या जागी, बरोबर त्या सांध्याखाली. वर एवढं पाणी आणि खाली आई भर दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपलेली. मी खाटेखाली हात फिरवून बघितला. कोरडं होतं.

माझ्या बांगड्या वाजल्या तशी तिने डोळे न उघडता विचारलं, "कोण?" मी म्हटलं, "मी, प्रमिला." तर म्हणाली, "मग हळू बोल. झोपू दे."

मी गप्प बसले.

प्रमिला बाई